खुपरीला लाज नाही, मग क्लॅमिडियालाच का?

'गुप्तरोग' या शब्दाचा मला फार राग येतो. एस. टी. स्टँडच्या मुतारीवर, रेल्वे रुळांच्या कडेच्या भिंतींवर 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' अशा जाहिराती आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. त्या जाहिरातींमधला रोगी नेहमी पुरुष असतो. बाईला म्हणे गुप्तरोग होत नाही. तिच्या 'अंगावर पांढरं जातं', तिचं 'ओटीपोट दुखतं', तिची 'कंबर धरते'. म्हणजे रोग एकच, पण त्याच्या वाट्याला गुपित आणि तिच्या वाट्याला दुखणं. त्याचं गुपित सगळे मिळून सांभाळतात आणि तिचं दुखणं सगळ्यांच्याच अंगवळणी पडतं. तिच्यासुद्धा.

अशाच एका रोगाबद्दल मला इथे बोलायचं आहे. त्याचं नाव क्लॅमिडिया. एड्सबद्दल आपण खूप ऐकलं, गरमी-परम्याबद्दल कुजबुज तरी ऐकली. क्लॅमिडियाचं नावही आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेलं नसतं. आणि तरीही जिवाणूंमुळे होणाऱ्या लैंगिक आजारांमध्ये हाच जगात सगळ्यात जास्त आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयाच्या सुमारे १२ कोटी ९० लाख स्त्री-पुरुषांना त्याची नव्याने लागण झाली.

हा आजार बरा होतो. साध्या, स्वस्त, जुन्या औषधांनी, आठवड्याभरात. मग तो इतक्या बायकांच्या आयुष्यात वर्षानुवर्षं का ठाण मांडून बसतो? माझं उत्तर असं आहे : औषध नाही म्हणून नव्हे. आजार दोघांचा असतो आणि इलाज मात्र एकटीवर केला जातो, म्हणून.

एकच जंतू, दोन न्याय

जुन्या पिढीतल्या बायकांना 'खुपरी' हा शब्द चांगला माहीत आहे. पापणीच्या आत बारीक पुळ्या येतात, डोळ्यात वाळू गेल्यासारखं सतत खुपतं, वारंवार लागण होत राहिली तर पापण्यांचे केस आत वळतात, बुबुळावर घासतात आणि शेवटी दृष्टी जाते. डॉक्टरी भाषेत या खुपरीला ट्रॅकोमा म्हणतात. ज्या जंतूमुळे ती होते त्याचं नाव क्लॅमिडिया ट्रॅकोमाटिस. १९०७ साली जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक या दोघा संशोधकांना तो खुपरीच्या रोग्यांच्या डोळ्यांतच पहिल्यांदा दिसला. आज ज्याला आपण लैंगिक आजार म्हणतो तो क्लॅमिडियासुद्धा याच जंतूमुळे होतो. डोळ्यातले त्याचे उपप्रकार वेगळे आणि जननमार्गातले वेगळे, पण जात एकच.

आता दोन्हीकडे आपण काय केलं ते पाहा. खुपरीसाठी सरकारने १९६३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढे १९७६ मध्ये तो अंधत्व नियंत्रणाच्या कार्यक्रमात सामील झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की भारतात खुपरी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही. या साठ वर्षांत खुपरी झालेल्या एकाही बाईला, 'तुला हे कुठून लागलं? तू कुणाकडे गेली होतीस?' असं कुणी विचारलं नसेल. तिचे डोळे तपासले, औषध घातलं, स्वच्छ पाण्याची, तोंड धुण्याची गोष्ट सांगितली. आणि जिथे खुपरीचा जोर जास्त असतो तिथे एकट्या रोग्याला औषध देऊन भागत नाही, आजूबाजूच्यांकडून लागण परत येते, म्हणून सगळ्या वस्तीला एकदम औषध द्यावं, हे तर त्या कामाचं मूलतत्त्वच आहे. ते औषध म्हणजे ॲझिथ्रोमायसिन. क्लॅमिडियावर चालणाऱ्या औषधांपैकी एक!

तोच जंतू डोळ्याऐवजी योनीमार्गे गर्भाशयाच्या मुखाशी पोचला, की मात्र सगळी माणुसकी आणि सगळं शास्त्र एकदम गळून पडतं. डोळ्याच्या बाबतीत 'एकट्याला औषध देऊन उपयोग नाही' हे ज्या शास्त्राला कळतं, त्याला नवरा-बायकोच्या बाबतीत ते कळत नाही असं कसं म्हणायचं? कळतं. पण वळत नाही.

दुखत नाही म्हणजे आजार नाही, असं नाही

क्लॅमिडियाची लबाडी अशी की तो मुकाट्याने राहतो. लागण झालेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. निम्म्याच्या आसपास पुरुषांनाही नाही. जाणवलंच तर काय? बाईला पांढरं किंवा पिवळसर जास्त जातं, लघवीला जळजळतं, संबंधाच्या वेळी आत दुखतं, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्येच थोडं रक्त दिसतं, ओटीपोटात दुखत राहतं. पुरुषाला लघवी करताना आग होते, लिंगातून पातळ स्राव येतो, कधी अंडकोष दुखतो, सुजतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पांढरं जाणं म्हणजे रोगच, असं अजिबात नाही. पाळीच्या चक्रात स्राव कमी-जास्त होतो, गरोदरपणात वाढतो. तो निरोगी शरीराचा स्वभाव आहे. त्याचा रंग, वास बदलला, खाज-आग सुरू झाली, तर मात्र तपासून घ्यायला हवं. आणि तेव्हासुद्धा तो क्लॅमिडियाच असेल असं नाही. बुरशी असेल, योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडला असेल. यातल्या कितीतरी गोष्टींचा शरीरसंबंधातून झालेल्या लागणीशी काही संबंध नसतो.

इलाज न झालेला क्लॅमिडिया गर्भाशयाच्या मुखावरून वर सरकू शकतो. गर्भाशय, गर्भनलिका यांना सूज येते. त्यातून ओटीपोटाचं जुनाट दुखणं मागे लागू शकतं. गर्भनलिका आतून चिकटल्या, बंद झाल्या तर मूल राहत नाही. अर्धवट चिकटल्या तर गर्भ नलिकेतच रुजू शकतो आणि नलिका फुटली तर बाईच्या जिवावर बेततं. गरोदरपणी लागण असेल तर बाळंतपणाच्या वेळी ती बाळाला होऊ शकते. बाळाचे डोळे येतात, फुप्फुसाला सूज येते. म्हणजे जंतू फिरून पुन्हा डोळ्यातच येतो! क्लॅमिडियासारख्या लागणीमुळे एच. आय. व्ही. शरीरात शिरण्याचा धोकाही वाढतो.

गर्भनलिका बंद होण्याचं हे एकमेव कारण नव्हे. आपल्याकडे क्षयरोग हेही मोठं कारण आहे. पण कारण कुठलंही असो, 'वांझ' हा शब्द कुणाला चिकटतो ते आपण सगळ्या जाणतो. नवऱ्याकडून आलेल्या जंतूने जिच्या नलिका बंद पडल्या तिलाच पुढे उपासतापास, अंगारे-धुपारे आणि शेवटी सवत. आणि तो? त्याला तर काही झालेलंच नव्हतं.

'कुणी आणला?' या प्रश्नाचं काय करायचं?

हा जंतू शरीरसंबंधातूनच पसरतो. संडासातून, टॉवेलमधून, एका भांड्यात जेवल्याने नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पण म्हणून तपासणीचा कागद म्हणजे कुणाच्या चारित्र्याचा दाखला होत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. लागण महिनोन्महिने, कधी त्याहून जास्त काळ, काहीही त्रास न देता शरीरात राहू शकते. ती केव्हा झाली, लग्नाआधी की नंतर, दोघांपैकी आधी कुणाला, हे कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. आपल्या मुलींशी, मैत्रिणींशी बोलताना, आणि डॉक्टरांशी बोलतानासुद्धा, हे वाक्य पाठ असलेलं बरं.

पण घरात हा प्रश्न विचारला जातोच, आणि उत्तर आधीच ठरलेलं असतं. म्हणून आपल्या बायका सांगतच नाहीत. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना जननमार्गाचा किंवा लैंगिक असा एक तरी आजार होता. सरासरीने प्रत्येकीला तीनहून जास्त. आणि यापूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या किती? फक्त ८ टक्के. 'बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन' असं समजणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांत अंजन घालणारा तो अभ्यास होता. त्यालाही आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. आपण मात्र आपल्या आजारांविषयी आजही तितक्याच दबक्या आवाजात बोलतो.

इलाज कसा असतो

क्लॅमिडिया आहे की नाही हे सोनोग्राफीत दिसत नाही, लघवीच्या साध्या तपासणीत दिसत नाही, कॅन्सरसाठी करतात त्या पॅप तपासणीतही कळत नाही. त्यासाठी योनीतल्या स्रावाचा नमुना कापसाच्या काडीवर घेऊन जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी लागते. हा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. पुरुषाची लघवी पुरते. ही तपासणी मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होते. गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मिळणं कठीण. तिथे लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत आहे. नाकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, त्यासाठी वेगवेगळ्या रंगांची औषधांची पाकिटं आणली. जिल्हा रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' नावाने चालणाऱ्या केंद्रात ही औषधं फुकट मिळतात. हे आपल्या वस्तीतल्या प्रत्येकीला माहीत हवं.

लक्षणांवरून इलाज करणं हे काहीच न करण्यापेक्षा चांगलं. पण त्यातली खोच लक्षात घ्या : ज्या आजारात बहुतेक बायकांना लक्षणंच नसतात, त्यात लक्षणांची वाट पाहणारी पद्धत बहुतेकींना वगळणार. आणि जिला नुसतं पांढरं जातं, तिला कधी कधी नसलेल्या आजाराचं औषध आणि नसलेला संशय दोन्ही मिळणार. इंग्लंडमध्ये २००३ पासून तरुण मुला-मुलींना काही त्रास नसतानाही ही तपासणी देऊ केली जात होती. २०२१ पासून त्यांनी, आजाराचं खरं नुकसान बायकांनाच सोसावं लागतं म्हणून, तरुण स्त्रियांवर भर दिला. आपल्याकडे निदान गरोदर बायका आणि मूल होत नाही म्हणून येणारी जोडपी यांच्यासाठी तरी ही सोय का नसावी?

औषध साधं आहे. डॉक्सिसायक्लिनची १०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून दोनदा, सात दिवस. ती जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेतल्याबरोबर आडवं व्हायचं नाही. गरोदर बाईला ही गोळी चालत नाही. तिला ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस देतात. सूज गर्भनलिकेपर्यंत गेली असेल तर औषधं जास्त लागतात आणि जास्त दिवस. ही माहिती मी देते आहे ती दुकानातून आपापली गोळी घेण्यासाठी नव्हे, तर डॉक्टरांनी काय दिलं ते कळावं आणि प्रश्न विचारता यावेत यासाठी. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. सात दिवस संबंध ठेवायचा नाही. जोडीदारालाही त्याच वेळी औषध हवं. आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, कारण पुन्हा लागण होणं अगदी सर्रास घडतं.

आणि सात दिवसांची ती अट

पुन्हा लागण सर्रास का होते? मी अनेक वर्षं वस्तीतल्या बायकांच्या आरोग्य-गटात काम करते. आमच्या गटात एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई यायची. तिच्याजवळ एका खाजगी दवाखान्याच्या कागदांची पिशवीच होती. एका वर्षात तीन वेळा तिने जननमार्गाच्या लागणीसाठी औषधं घेतली होती. दर वेळी बरं वाटायचं, दीड-दोन महिन्यांत पुन्हा तेच. कुठला जंतू ते कुणी कधी तपासलं नव्हतं. तिन्ही कागदांच्या शेवटच्या ओळीत डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं होतं की जोडीदारालाही हेच औषध द्यावं. ते तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. ती मला म्हणाली, "ताई, माझंच अंग खराब आहे बघा, औषध लागूच पडत नाही." औषध चांगलं लागू पडत असणार. घरी गेल्यावर आजार तिची वाट बघत होता.

आम्ही तिला त्या ओळीचा अर्थ सांगितला, तेव्हा ती लगेच म्हणाली, "हे मी त्यांना कसं सांगू?" माझ्या मते आरोग्यव्यवस्थेने विचारायचा प्रश्न नेमका हा आहे. 'नवऱ्याला घेऊन ये' असं सांगितलं की दवाखान्याची जबाबदारी संपते आणि तिची सुरू होते. तिने घरी जाऊन विषय काढायचा, तिने संशय झेलायचा, प्रसंगी मार खायचा. आणि सात दिवस 'नको' म्हणायचं! ज्या देशाच्या कायद्यात सज्ञान बायकोवर नवऱ्याने केलेली बळजबरी हा बलात्कार धरला जात नाही – २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही हा अपवाद तसाच ठेवला आहे – त्या देशात ही सात दिवसांची अट पाळणं काय तिच्या एकटीच्या हातात आहे?

निरोधचंही तेच. निरोधने ही लागण बऱ्याच प्रमाणात टळते. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात लग्न झालेल्या ३७.९ टक्के बायकांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुष नसबंदीचा वाटा ०.३ टक्के आणि निरोधचा ९.५ टक्के. ऑपरेशन मूल थांबवतं, जंतू थांबवत नाही. पण एकदा तिचं ऑपरेशन झालं की निरोध वापरायचं कारणच उरलं नाही असं दोघांनाही, आणि सरकारलाही, वाटतं.

न उलगडलेल्या दुखण्याला कंटाळलेल्या बाईला पुढे काय सांगितलं जातं? 'पिशवी काढून टाका. नाहीतर कॅन्सर होईल.' बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं २०१९ मधलं प्रकरण आपण विसरलेलो नाही. राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यामागे मुकादमाचा खाडा-दंड होता, पैशाचा लोभ होता, सगळं होतं. पण अंगावर जाणं, पोट दुखणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना कॅन्सरची भीती घातली गेली, हेही त्यांनीच सांगितलं. ज्या तक्रारी तपासून, गोळ्या देऊन, दोघांवर इलाज करून सुटल्या असत्या, अशा किती असतील त्यांत?

आपण काय मागायचं?

पहिली गोष्ट, जोडीदाराला बोलावण्याचं काम दवाखान्याने करावं. चिठ्ठी मराठीत असावी, त्यात रोगाचा बोभाटा नसावा, आणि तिच्या संमतीशिवाय काही कळवू नये. जिला घरी मारहाणीची भीती आहे तिला तसं विचारावं आणि मार्ग सुचवावा. दुसरी गोष्ट, पुरुषांसाठी सोयीच्या वेळी, संध्याकाळी, सुरक्षा क्लिनिक उघडं असावं. पुरुष कार्यकर्त्यांनी पुरुषांशी बोलावं. तिसरी, जनुकीय तपासणी निदान जिल्हा रुग्णालयापर्यंत फुकट पोचावी. चौथी, इलाज फक्त लग्न झालेल्या बायकांसाठी नाही. अविवाहित मुलीला, एकट्या बाईला, वेश्याव्यवसायातल्या बाईला मान खाली न घालता तो मागता आला पाहिजे.

आणि आपणही थोडं बोलायला शिकूया. 'गुप्तरोग' हा शब्द आपल्या तोंडातून जाऊ द्या. 'खुपरी' आपण जशी मोकळेपणी म्हणतो तसा 'क्लॅमिडिया' म्हणूया. तीन वेळा औषध घेऊनही बरं वाटलं नाही अशी मैत्रीण भेटली तर तिला 'तुझंच अंग खराब' म्हणून सोडून देऊ नका. तिला एवढंच विचारा : "गोळ्या किती जणांनी घेतल्या?"

तुमच्या गावात, वस्तीत सुरक्षा क्लिनिक कुठे आहे, तिथे बायकांना कसं वागवतात, जोडीदाराला औषध देतात का, हे जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात त्याची यादी करता आली तर तीच या लेखाची खरी पुढची पायरी ठरेल.